मागच्या बाजूचं टिंब

माझं डोकं लवकर तापतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईने उगाच आकांडतांडव केलं. उगाच केलं नाही. सव्वीस वर्षं गप्प बसले आणि मग केलं.

ही सव्वीस वर्षं मी मास्तरांच्या छापखान्यात काढली. छापखाना म्हटल्यावर बिलबुकं आणि जाहिराती डोळ्यांसमोर आणू नका. आमच्याकडे चित्रं छापायची. लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, की झाला ठसा. त्यावर रुळाने शाई चढवायची, वर कागद ठेवायचा आणि प्रेसचं चाक फिरवून दाबून काढायचा. एका ठशाच्या तीस-चाळीस प्रती निघायच्या. प्रत्येक प्रतीच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, मास्तर पेन्सिलीने सही करायचे. आणि मी? मी प्रत उलटी करून मागच्या कोपऱ्यात शाईचं एक टिंब ठेवायची. हे टिंब म्हणजे मान नव्हे बरं का. प्रत खराब निघाली तर ती कुणाच्या हातून निघाली ते कळावं, म्हणून टिंब. समोर नाव त्यांचं, मागे चूक माझी.

मास्तर मोठे चित्रकार. त्यांच्या एका प्रतीसाठी लोक वर्ष-वर्ष थांबायचे. एकोणिसाव्या वर्षी मी त्यांच्याकडे आले ती आईने शिवलेल्या वह्यांचा गठ्ठा पोचवायला. भिंतीवरची चित्रं बघत अशी खिळून उभी राहिले की मास्तर खेकसले, "उभी काय राहिलीस? हात रिकामे असतील तर रूळ पूस." पुसला. पुढचं वर्षभर नुसते रूळच पुसले. मग शाई मळायला मिळाली, मग प्रेस. मास्तर शिकवायचे ते ओरडून. "डोळे मीट! रूळ ऐक! शाई जास्त झाली की तो चुरचुरतो, कमी झाली की मुका होतो. बरोबर झाली की कसा बोलतो ते ऐक!" पहिल्यांदा तो आवाज माझ्या कानांनी पकडला, त्या दिवशी मी घरी जाऊन आईला मिठी मारली. आई म्हणाली, "अगं, शाई लागतेय लुगड्याला, बाजूला हो."

सत्ताविसाव्या वर्षी एक आगाऊपणा केला. एका चित्रात मागे डोंगर होता, तो मास्तरांनी माझ्यावर सोपवला होता. मी तो मनापासून कोरला आणि प्रत निघाल्यावर खाली, मास्तरांच्या सहीपासून चांगलं वीतभर लांब, मुंगीएवढ्या अक्षरात माझं नाव लिहिलं. मास्तरांनी भिंग लावून ते शोधलं. आलेल्या पाहुण्यांच्या देखत खोडरबर घेतलं आणि पुसलं. कागदाला चरा पडू नये म्हणून किती हळुवार पुसलं म्हणता! म्हणाले, "कारागिराची जागा मागे." पाहुणे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून कानाला खडा लावला. पुढे मास्तरांचे हात कापू लागले तशी कोरणी माझ्या हातात आली. आधी ते रेखाटन काढून द्यायचे. मग नुसतं तोंडाने सांगायचे. शेवटी शेवटी तर "वाऱ्यातलं एक झाड" एवढंच म्हणायचे, आणि झाड मी काढायची, वाराही मीच काढायची. सही त्यांची. आणि मला ते चालत होतं, खोटं कशाला बोलू? ते मी त्यांचं म्हणून केलेलं काम होतं.

पण एक चित्र तेवढं माझं म्हणून केलं.

आईने चाळीस वर्षं एका बांधणीच्या कारखान्यात पुठ्ठे कापले आणि वह्या शिवल्या. पुठ्ठा कापायला तिच्यापुढे एक जाडजूड फळी असायची. त्या फळीवर पट्टी ठेवायची, सुरी ओढायची, पुठ्ठा दोन. सुरी पुठ्ठा कापून खाली फळीलाही लागायची. कारखान्यात कापायचं यंत्र आलं तेव्हा मालकाने फळी जाळायला काढली. आईने ती डोक्यावर घेऊन घरी आणली. कशाला आणलीस म्हटलं तर म्हणाली, "चांगलं लाकूड आहे, टाकवत नाही." दोन वर्षं ती मोरीच्या कोपऱ्यात उभी होती. एकदा दुपारी उन्हाचा कवडसा तिरपा तिच्यावर पडला आणि मला दिसलं, फळीभर केसाएवढ्या बारीक रेघा. हजारो. सगळ्या सरळ.

मी ती फळी छापखान्यात नेली आणि तीन वर्षं, दुपारच्या सुट्टीत, तिच्यावर आईला कोरलं. बसून वही शिवणारी आई, दातात दोरा, गुडघ्यावर कागदांची थप्पी. सुरीच्या रेघांना हात लावला नाही. ठशात आई डावखुरी, कागदावर सुलटी. पहिली नमुनाप्रत काढली आणि कागद उचलला तर त्या सगळ्या रेघा पांढऱ्या होऊन आईच्या अंगावरून, हातांवरून, चेहऱ्यावरून गेलेल्या. मी खाली बसले. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते मला कळत होतं.

ती प्रत वाळायला दोरीवर लावलेली असताना चिरंजीव आले. चिरंजीव म्हणजे मास्तरांचा एकुलता एक मुलगा. वडिलांची चित्रं विकायचं दुकान तो सांभाळतो. हाफ चड्डीत होता तेव्हा मी त्याला अरे-तुरे करायची. कोट चढल्यापासून अहो-जाहो. मनात मात्र चिरंजीव.

"ताई, हे बाबांचं?"

"नाही. माझं."

तो बराच वेळ बघत राहिला. "जबरदस्त आहे," म्हणाला. मी मूर्खासारखी खूश झाले. घरी जाताना गाणं गुणगुणत गेले.

दोन दिवसांनी तो परत आला, काखेत खाकी कागदात बांधलेला गठ्ठा घेऊन. टेबलावर सोडला. आत शंभर कागद होते. माझेच. चित्रांचा कागदही मीच बनवते. जुन्या सुती चादरी, पंचे, उशांचे अभ्रे शेजारपाजारून गोळा करायचे, भिजवायचे, कुटून लगदा करायचा आणि साच्यात गाळून एकेक कागद उचलायचा. मास्तर सगळ्यांना सांगायचे, "कागद ती हौसेने करते." हौसेचं काम म्हटल्यावर त्याचा दाम कोण देणार? तर ते माझे शंभर कागद. कोरे. आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात मास्तरांची सही.

"बाबांची शेवटची मालिका," चिरंजीव म्हणाला. "ह्यावर ते बाईंचं चित्र छापायचं."

"कुठल्या बाईंचं?"

"अहो ते... वही शिवणाऱ्या."

"ती माझी आई आहे."

"हो हो, आईंचंच." त्याने खुर्ची ओढली. आवाजात साखर घोळली. "ताई, स्पष्ट बोलतो. बाबांनंतर मी ही जागा ठेवून काय करू? प्रेस भंगारात जाईल. पण तुम्ही एवढं काम केलंत तर दोन्ही खोल्या, अंगण, प्रेस, सगळं तुमच्या नावावर करून देतो. लेखी. मरेपर्यंत इथे काम करा."

मी प्रेसकडे बघितलं. आम्ही तिला म्हातारी म्हणतो. तिच्या चाकाची मूठ माझ्या तळव्याच्या मापाने झिजलेली आहे. ती भंगारात जाणार म्हटल्यावर मी क्षणभर हो म्हणायच्या बेतात होते, हे कबूल करते. आणि एक गोष्ट त्याच क्षणी डोक्यात लख्ख झाली. माझं नाव खोलीवर चालणार होतं, चित्राखाली चालणार नव्हतं.

"आठ दिवसांनी येतो," असं म्हणून तो गेला.

मी तडक जिना चढून वर मास्तरांच्या खोलीत गेले. मास्तर खिडकीशी बसले होते. गुडघ्यावरचे हात पानासारखे हलत होते.

"त्या सह्या तुम्ही केल्यात?"

"केल्या." लपवाछपवी नाही, काही नाही. "सगळा उन्हाळा गेला. दिवसाला एक जमायची. कधी तीही नाही. हाताला दुसरं काही येत नाही आता, एवढं तेवढं आठवतं."

"आणि वर चित्र माझं?"

"चित्र कुणाचं का असेना, जगलं पाहिजे. माझ्या नावाने ते चार चांगल्या घरांत जाईल. तुझ्या नावाने तुला कुणी दारात उभं करणार नाही. मी तुझ्या भल्याचंच बघितलंय."

आणि ते खरंच बोलत होते, हीच तर पंचाईत. त्यांना वाटत होतं की ते मला काहीतरी देताहेत. मी जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की त्यांनी एकदासुद्धा म्हटलं नाही, 'बघू दे तरी मला ते चित्र.' तळपायाची आग मस्तकात गेली. रागापेक्षाही दुखलं जास्त.

घरी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. तिने दोरा ओवत ओवत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घे की मग."

"काय घे?"

"जागा घे, प्रेस घे. लोक चित्र बघतात, नाव कोण वाचतंय? मी चाळीस वर्षं वह्या शिवल्या. एका तरी वहीवर माझं नाव आहे? माझं काही अडलं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा. पंचेचाळिशी उलटली, आता म्हातारपणी रस्त्यावर बसून चित्रं काढणार आहेस?"

"आई, तू माझ्या बाजूची आहेस की त्यांच्या?"

"मी भाताच्या बाजूची आहे," आई म्हणाली. "जेव आधी."

मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी, सांगायला लाज वाटते, पण मी त्या सहीच्या कागदांतला एक उचलला. सहीच्या वर बोटभर जागा सोडून ठसा बसवला. शाई लावली. रूळ बरोबर बोलत होता. म्हातारीचं चाक फिरवलं. प्रत काढली. काय प्रत निघाली म्हणून सांगू! काळा रंग काळाभोर, पांढऱ्या रेघा तारेसारख्या. आणि खाली ती सही. इतकी शोभत होती की मला वाटलं, झालं, हिचं चित्राशी लग्न लागलं. सवयीने मी कागद उलटा केला आणि मागे टिंबही ठेवलं.

वाळल्यावर ती प्रत गुंडाळून घरी नेली आणि आईपुढे पसरली. आईने ते चित्र आतापर्यंत बघितलंच नव्हतं. चष्मा पुसून ती वाकली. आधी हसली. "दातात दोरा धरलेला पण काढलास होय गं, कार्टे?" मग तिचं बोट त्या पांढऱ्या रेघांवर आलं. एका रेघेवरून ते हळूच ओढलं. मग दुसरीवरून. सुरी ओढावी तसं, वरून खाली.

"हे माझे घाव आहेत," ती म्हणाली. "माझ्या फळीवरचे."

"हो."

"हे तू नाही काढलेलं."

"नाही. तुझेच आहेत, मी तसेच ठेवले."

तिचं बोट खाली घसरत सहीपाशी येऊन थांबलं. "आणि हे कोण?"

"मास्तर."

आईने चष्मा काढला. "हा माणूस आपल्या घरी कधी आला होता?"

"कधीच नाही."

"मला बघितलंय त्याने कधी?"

"नाही, आई."

"मग माझ्या चाळीस वर्षांखाली ह्याचं नाव काय म्हणून?" आवाज चढला तिचा. माझी आई, जिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही! "वहीवर नाव नव्हतं तर नव्हतं. कुणाचंच नव्हतं. पण दुसऱ्याचं तरी नव्हतं! आयत्या बिळावर नागोबा! ने हे माझ्यासमोरून."

मी ते उचललं आणि त्याच पावली छापखान्यात गेले.

आता पुढे जे केलं ते अगदी शांत डोक्याने केलं. अंगणातला हौद घासला. चुलीवर पाण्याचं पिंप चढवलं, कारण शाई पसरू नये म्हणून कागदाला खळ दिलेली असली की तो गार पाण्यात लवकर सुटत नाही. शंभरच्या शंभर कागद घेतले. फाडायला पहिला कागद हातात धरला तेव्हा मात्र थांबले. सही जरा थरथरलेली होती, शेवटच्या फाट्यापाशी पेन्सिल घसरली होती. दिवसाला एक. उन्हाळाभर. माझ्या गुरूच्या हाताचं शेवटचं काम होतं ते, आणि मी ते फाडायला निघाले होते. मला रडू आलं. रडले. नाक पुसलं आणि फाडला.

मग बाकीचे फाडायला वेळ लागला नाही. आईचं चित्र असलेला पण फाडला. दोन दिवस तुकडे गरम पाण्यात भिजले. तिसऱ्या दिवशी मुसळ घेऊन कुटले. प्रत्येक ठोक्याला एक एक वर्ष आठवत होतं. पांढऱ्या लगद्यात पेन्सिलीची काजळी आणि त्या एका प्रतीची शाई मिसळून सगळ्याला फिकट राखी रंग आला. मग साचा हौदात बुडवायचा, लगदा उचलायचा, हलवून पाणी निथळू द्यायचं, कांबळ्यावर उलटवायचा. शंभरातून ऐंशी-एक कागद निघाले. जरा जाड, राखी, आणि जवळून बघितलं तर आत बारीक काळे कण. कुठेही अक्षर म्हणून नाही. नुसते कण.

आठव्या दिवशी चिरंजीव आले तेव्हा कागद दोरीवर वाळत होते.

"झालं का, ताई?"

"झालं."

त्याने इकडे तिकडे पाहिलं. "प्रती कुठे आहेत?"

"प्रती नाहीत. ते बघा, कागद. नवे केले."

समजायला त्याला थोडा वेळ लागला. समजल्यावर चेहऱ्याचा रंगच उडाला. "त्या... सह्या?"

"आहेत की त्यातच. शोधा."

"वेड लागलंय का तुम्हाला? कागद आमचे होते!"

"तुमचे कसे? चादरी मी गोळा केल्या, लगदा मी कुटला. तुमच्या वडिलांनीच गावभर सांगितलंय, ती हौसेने करते म्हणून. तर माझी हौस मी परत घेतली. चित्र माझं, फळी माझ्या आईची. राहता राहिली सही. ती वेगळी काढता आली असती ना, तर पुडीत बांधून परत दिली असती, अरे!"

तो 'अरे' कधी तोंडातून गेला मला कळलंही नाही. पंधरा वर्षांनी परत आलेला अरे. त्याने बोट रोखलं. "जागा विसरा आता. प्रेस विसरा."

"ही घे किल्ली," मी म्हणाले. कनवटीची काढून टेबलावर ठेवली.

आमचा आवाज वर गेला असणार. काठीचे ठोके ऐकू आले. मास्तर बोलवायला जमिनीवर तशी काठी आपटतात. मी दोरीवरचा एक कागद काढला आणि वर गेले. लपवायचं तर नव्हतंच.

"हे बघा मास्तर. तुमच्या सह्यांचं हे केलं."

त्यांनी कागद घेतला. खिडकीच्या उजेडात धरला. कापऱ्या हातात कागद फडफडत होता. ते आतले काळे कण बघत राहिले. मी तयारीत होते. ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते, सगळं पाठ करून गेले होते. त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "खळ दिलीस का?"

"अजून नाही."

"मग शाई फुटेल," ते म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला. मी पाठ केलेलं सगळं तसंच पोटात घेऊन खाली उतरले. फळी डोक्यावर घेतली, कागद काखेत मारले आणि घरी आले.

घरात प्रेस नाही. पण प्रेसच्या आधीही माणसं छापत होतीच. ठशावर कागद ठेवायचा आणि पाठीमागून घोटायचं. आपला हात जगन्नाथ. मी लाकडी चमच्याच्या पाठीने सुरुवात केली. एका प्रतीला पाऊण तास, खांदा भरून यायचा. दुसऱ्या दिवशी आई बाजूला येऊन उभी राहिली. तिच्या हातात तिची हाडाची पट्टी होती, कागदाची घडी दाबून पक्की करायची. चाळीस वर्षांत झिजून ती बोटाएवढी राहिली आहे.

"सरक बाजूला," ती म्हणाली. "चमच्याने काय स्वयंपाक करतेस? हे घडी घालण्यासारखंच तर आहे."

आणि तिने अशी प्रत घोटली की मी बघतच राहिले.

प्रत वाळली. पेन्सिल घेतली. आयुष्यात पहिल्यांदा उजव्या कोपऱ्यात माझं नाव लिहिलं, पूर्ण, मोठ्या अक्षरात. मग पेन्सिल आईकडे दिली. "तू पण कर. डावीकडे. निम्म्या रेघा तुझ्या आहेत."

"चल, मी कशाला? हजेरीपटाशिवाय मी कुठे सही केलेली नाही."

"मग आता कर."

तिने केली. जीभ दातात धरून, रेघेवर लिहिल्यासारखी सरळ. केल्यावर लांबून बघून म्हणाली, "माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे."

प्रदर्शन कुणी लावून दिलं नाही. चिरंजीवांनी आमचं नाव सगळीकडे पोचवलंच होतं, वेगळ्या तऱ्हेने. एका दालनवाल्याने तर चित्र न बघताच सांगितलं, भानगडीतलं नको. बरं, नको तर नको! आम्ही पुढच्या खोलीत दोऱ्या बांधल्या आणि प्रती लावल्या. दार उघडं ठेवलं. आईच्या कारखान्यातल्या जुन्या बायका आल्या. एकीने नाक कागदाला लावून रेघा मोजायला घेतल्या आणि म्हणाली, "ही तिरकी गेलीय बघ, त्या दिवशी मुकादम ओरडला होता." त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मोठ्या घरांत नाही गेलं माझं चित्र. पण दारात उभं करायला माणसं होती.

असेच पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी मी शाई मळत बसले होते आणि दाराशी काठी वाजली. मास्तर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरी. रस्त्यावर गाडी उभी होती, चिरंजीव तोंड पाडून तीत बसून होते. खाली उतरले नाहीत.

मी उठले नाही. या म्हणाले नाही. आईच म्हणाली, "बसा."

ते बसले नाहीत. दोरीवरच्या प्रतीपाशी जाऊन उभे राहिले. कागदाला अंगठा लावला. "खळ दिलीस," म्हणाले. मग चित्र बघू लागले. मी रूळ फिरवत राहिले, पण कान तिकडेच.

"ह्या बारीक रेघा. कुठल्या हत्याराने काढल्यास? मला जमल्या नसत्या."

"मी नाही काढल्या. हिने काढल्या. चाळीस वर्षं." मी आईकडे हनुवटी केली. "हिचंच चित्र आहे ते. त्याच्याखाली तुमची सही जाणार होती."

मास्तर वळले. आईकडे त्यांनी नीट बघितलं. आई दातात दोरा धरून वही शिवत होती, अगदी चित्रातल्यासारखी, आणि ती त्यांच्याकडे सरळ रोखून बघत होती. मास्तरांनी मान खाली घातली. "चूक झाली," ते म्हणाले. एवढंच. मला एवढ्याने बरं वाटलं नाही, आणि मी तसं सांगितलं.

"एवढ्याने भागत नाही, मास्तर."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. काठी भिंतीला लावली. कोटाच्या बाह्या मागे सारल्या. "शाई तयार आहे?"

मी रूळ थांबवला. फळीवर शाई चढलेलीच होती. मी कागद ठेवला. आईने उठून तिची हाडाची पट्टी त्यांच्या हातात दिली. ते घोटू लागले. हात कापत होते, पट्टी दोनदा निसटून खाली पडली, दोन्ही वेळा त्यांनी वाकून स्वतःच उचलली. तासभर लागला. कपाळावर घाम आला. मी मदत केली नाही. कुणी मला केली होती?

शेवटी त्यांनी कागदाची दोन टोकं धरून प्रत उचलली. समोरून बघितलीच नाही. टेबलावर उलटी ठेवली, शाईत काडीचं टोक बुडवलं आणि मागच्या कोपऱ्यात एक टिंब ठेवलं. हात हलल्यामुळे ते थोडं लांबट उमटलं.

मी प्रत सुलटी करून उजेडाला धरली. डाव्या बाजूला, आईच्या कोपराशी, काळा रंग पुसट उतरला होता. अशा प्रतीचं काय करायचं ते मला त्यांनीच सव्वीस वर्षं ओरडून शिकवलं होतं.

"नापास," मी म्हणाले. "डावीकडे दाब कमी पडलाय. पुन्हा काढा."

आईने जीभ चावली. मास्तरांनी बाह्या आणखी वर सारल्या आणि हात पुढे केला.

"कागद दे," ते म्हणाले.